नुसती खोळ बदलून भागत नाही

माळशेजच्या पायथ्याशी पाऊस एकदा उभा राहिला की चार महिने हटत नाही. टोकावडे परिसरात रिक्षा, टमटम किंवा जीप चालवून पोट भरणाऱ्या आपल्या तरुणांना हे कोणी सांगायला नको. या चार महिन्यांत गाडीत सर्वांत आधी काय जाते? इंजिन नाही, टायर नाही. जाते ती सीट. पडदे कितीही ओढून बांधले तरी झड आत येते. चिंब भिजलेला उतारू येऊन बसतो. रेक्झीनला पडलेल्या चिरेतून पाणी आत शिरते आणि आतला फोम ते पिऊन घेतो. वर्षावास सरता सरता सीटला वास सुटतो, मध्ये खड्डा पडतो, आणि मग चालक त्यावर एक गोणपाट पसरून देतो. उतारू काही बोलत नाही. पुढच्या वेळी मात्र तो मागच्या गाडीत जाऊन बसतो.

वाचक बंधू-भगिनींनो, या खेपेला आम्ही या सीटविषयी लिहिणार आहोत. विषय क्षुल्लक वाटेल. पण ज्याचे घर त्या सीटवर चालते त्याला तो क्षुल्लक नाही, आणि आपल्या समाजाला तर आसनाचा प्रश्न कधीच क्षुल्लक नव्हता.

गोणपाट आपल्याला नवे नाही

शाळेत बाबासाहेबांना इतर मुलांबरोबर बसता येत नव्हते. वर्गाच्या कोपऱ्यात, वेगळ्या गोणपाटावर त्यांना बसावे लागे. शाळा झाडणारा नोकरदेखील ते गोणपाट शिवत नसे. म्हणून ते रोज संध्याकाळी घरी न्यायचे आणि सकाळी पुन्हा आणायचे. ही हकिकत त्यांनी स्वतः ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आत्मकथनपर लिखाणात नोंदवून ठेवली आहे.

त्याच लिखाणात प्रवासाच्या दोन हकिकती आहेत. पहिली १९०१ सालची. बाबासाहेब आणि घरची मुले वडिलांकडे जायला निघाली आणि मसूर स्टेशनवर उतरली. मुले कोणत्या जातीची आहेत हे कळल्यावर एकही गाडीवान त्यांना न्यायला तयार होईना. शेवटी दुप्पट भाडे ठरले आणि गाडी मुलांनीच हाकायची, गाडीवान बाजूने चालेल, असा सौदा झाला. पैसे दुप्पट दिले तरी माणूस शेजारी बसणार नाही, असा तो काळ होता.

दुसरी हकिकत १९२९ सालची, चाळीसगावची. तोवर बाबासाहेब बॅरिस्टर झाले होते. सरकारी समितीचे सदस्य होते. त्यांना महारवाड्यात घेऊन जायला टांगेवाल्यांनी नकार दिला. आपल्या लोकांनी टांगा भाड्याने मिळवला, पण हाकणारा मिळाला नाही. मग ज्याने कधी टांगा हाकला नव्हता असा आपलाच एक माणूस पुढे बसला. वाटेत नदीवरच्या मोरीवर अपघात झाला, बाबासाहेब दगडी फरशीवर फेकले गेले आणि त्यांचा पाय मोडला. पाहुण्याने पायी चालत येऊ नये, त्याची इभ्रत राहावी, म्हणून लोकांनी हे केले होते. बाबासाहेबांनी त्यांना दोष दिला नाही. पण प्रवाशाच्या इभ्रतीपेक्षा त्याची सुरक्षितता मोठी, हे लोक विसरले, असे त्यांनी स्पष्ट लिहिले.

या दोन हकिकती आपल्या प्रत्येक चालकाने ध्यानात ठेवाव्यात असे आम्हाला वाटते. आज टोकावड्याहून मुरबाडला निघालेल्या आपल्या पोराच्या गाडीत एकाच सीटवर कुणबी बसतो, ठाकूर बसतो, कातकरी बाई डोक्यावरची पाटी मांडीवर घेऊन बसते, शाळा मास्तर बसतो. हाकणारा आपला आहे आणि भाडे सर्वांना एक आहे. हे आपोआप घडलेले नाही. अमेरिकेतही ते आपोआप घडले नाही. १ डिसेंबर १९५५ रोजी माँटगोमेरी शहरात रोझा पार्क्स या बाईंनी गोऱ्या प्रवाशासाठी बसमधील जागा सोडायला नकार दिला. त्यांना अटक झाली आणि त्यातून उभा राहिलेला बसवरचा बहिष्कार ३८१ दिवस चालला. या रोझा पार्क्स पोटासाठी शिवणकाम करीत होत्या, हेही आमच्या भगिनींनी लक्षात घ्यावे.

ज्या आसनासाठी माणसांनी एवढे सोसले, ते आसन आपल्या हाती आल्यावर त्यावर पुन्हा गोणपाट टाकायचे काय? पुढच्या काचेवर बाबासाहेबांचे चित्र, आत रंगीत दिवे, मोठ्या आवाजाचा स्पीकर आणि उतारूच्या अंगाखाली कुजकी गादी, हे चित्र आम्हाला शोभत नाही. काचेवर ज्यांचे चित्र आहे त्यांचा मान आतल्या सीटनेही राखला पाहिजे.

आनंदांनी दिलेले उत्तर

पण नवीन सीट घ्यायची तर पैसा लागतो, आणि पैसा झाडाला लागत नाही. मग काय करावे? याचे उत्तर आपल्या धम्मातच आहे. विनयपिटकातल्या चुल्लवग्गात एक प्रसंग येतो. भगवान बुद्धांच्या महापरिनिर्वाणानंतर भन्ते आनंद नावेतून, प्रवाहाच्या उलट दिशेने, कोसंबीला गेले. तेथे राजा उदेनाच्या राण्यांनी त्यांना ५०० उत्तरासंग, म्हणजे अंगावर घ्यायची चीवरे, दान दिली. राजाला राग आला. एका श्रमणाला एवढी वस्त्रे कशाला, हा काय कापडाचे दुकान मांडणार आहे, असे त्याला वाटले. त्याने आनंदांना गाठून विचारले.

आनंद म्हणाले, ज्या भिक्खूंची चीवरे जीर्ण झाली आहेत त्यांना ही वाटून देऊ. मग जुन्या चीवरांचे काय? त्यांची अंथरुणावरची पांघरणे करू. जुन्या पांघरणांचे? गादीच्या खोळी करू. जुन्या खोळींचे? जमिनीवर अंथरू. ती अंथरणे जुनी झाली की पायपुसणी, पायपुसण्यांनंतर धूळ झाडायची फडकी, आणि फडकीही संपली की ती बारीक करून चिखलात मळून जमीन सारवायला वापरू. राजाचे समाधान झाले आणि त्याने आणखी ५०० वस्त्रे दिली.

ही कंजुषी नव्हे. दान देणाऱ्याच्या घामाचा तो मान आहे. वस्तूचा प्रत्येक भाग वेगळ्या वेळी झिजतो. जो झिजला तो बदलावा आणि जो काढला त्याला दुसरे काम द्यावे. सीटच्या बाबतीत नेमके हेच करायचे आहे.

आधी सीट उघडा

दुकानात जाण्याआधी सीट काढून ती उलटी करा. खालच्या बाजूने स्टेपल किंवा चुका मारलेल्या दिसतील. पक्कड आणि जुना पेचकस घेऊन त्या काढा. एक तास पुरतो. आत तुम्हाला चार गोष्टी सापडतील: खालची फळी किंवा लोखंडी चौकट, त्यावरचा फोम, वरचे रेक्झीन आणि ते जोडणारी शिवण. या चारांपैकी काय गेले आहे ते डोळ्यांनी पाहा. दुकानदार न उघडता ‘पूर्ण सीटच बदला’ म्हणतो, कारण त्यात त्याची सोय आहे. तुमची सोय उघडून पाहण्यात आहे.

फळी बोटाने दाबा. पापुद्रे सुटले असतील, कडा काळ्या पडून मऊ झाल्या असतील तर ती बदलावी. नवी घेताना साधी फळी घेऊ नका. पाण्यात टिकणाऱ्या प्लायवूडवर भारतीय मानक आयएस ७१० असा शिक्का असतो, तो पाहून घ्या. कापल्यानंतर चारही कडांना ऑइलपेंटचे दोन हात द्या, कारण पाणी शिरते ते कडेतून. फळीला खालून बोट जाईल एवढी चार-पाच भोके पाडा. त्यातून हवा खेळते आणि चुकून शिरलेले पाणी खाली गळून जाते. लोखंडी चौकट असेल तर तारेच्या ब्रशने गंज घासून रेड ऑक्साइड लावा. पट्टी किंवा स्प्रिंग तुटली असेल तर वेल्डिंगवाल्याकडे तेवढेच काम करून घ्या.

एक इशारा. काही गाड्यांत बॅटरी सीटखाली असते. तेथे सीटची तुटकी तार किंवा चूक बॅटरीच्या टोकांना टेकता कामा नये. ठिणगी पडून आग लागते, आणि फोम एकदा पेटला की त्याचा धूर विषारी असतो. सीट बसवण्याआधी बॅटरीवर रबरी झाकण आहे ना, हे पाहावे.

फोम किलोवर तपासा

खरा प्रश्न फोमचा असतो. तळहाताने पूर्ण दाबून सोडा. लगेच वर आला तर तो जिवंत आहे. हळूहळू वर आला, किंवा खड्डा तसाच राहिला, तर त्याची ताकद गेली. बोटांत चुरल्यावर पिवळी भुकटी पडली तर तो टाकून द्यावा. नुसता भिजला असेल आणि दाबल्यावर उसळत असेल तर पिळून, कडेवर उभा करून दोन-तीन दिवस वाऱ्यावर वाळवा. चुलीजवळ ठेवू नका.

नवा फोम घेताना दुकानदार ‘डेन्सिटी’ सांगतो: २८, ३२, ४०. हा आकडा म्हणजे एक घनमीटर फोमचे किलोमधील वजन. आकडा मोठा तेवढा फोममध्ये माल जास्त. घरच्या उशीला २८ चालतो. दिवसभर माणसे चढणार-उतरणार त्या सीटला ४० पेक्षा कमी घेऊ नये.

पण दुकानदाराचा आकडा खरा कशावरून? आम्हा कारकुनी करणाऱ्यांना हिशेबाची खोड, म्हणून हे गणित मांडतो. समजा सीट ४८ इंच लांब, १८ इंच रुंद आणि फोम ४ इंच जाड आहे. ४० डेन्सिटीचा असा तुकडा सुमारे सव्वादोन किलो भरला पाहिजे. तोच तुकडा दीड किलोच्या आसपास भरला तर तो २८ चा आहे, मग दुकानदार काहीही म्हणो. किराणा दुकानाच्या काट्यावर ही परीक्षा होते. काही ठिकाणी वजन वाढवायला फोममध्ये पावडर मिसळलेली असते. म्हणून वजनाबरोबर दाबून पाहावे आणि कडेला नखाने घासून पाहावे. पांढरी पूड सुटली तर तो माल परत करावा.

तुकड्यांचा चुरा दाबून केलेला घट्ट फोमही मिळतो. त्याला बाजारात रिबॉन्डेड म्हणतात. तो सीटच्या तळाला चांगला, पण वर नुसता तोच घातला तर उतारूला फळीवर बसल्यासारखे वाटते. जुन्या फोमचा खालचा अर्धा भाग ठीक असेल तर तो तसाच ठेवून वर २ इंचांचा नवा थर चिकटवला तरी काम होते. खर्च निम्म्यावर येतो.

रेक्झीन, माप आणि दोरा

रेक्झीन म्हणजे कापडावर चढवलेले प्लास्टिक. घेताना उलटे करून कापड पाहा. विणीचे, ताणले जाणारे कापड असेल तर कोपऱ्यावर घडी चांगली बसते. दोन बोटांत घडी घालून नखाने दाबा. घडीवर पांढरी रेघ उमटून राहिली तर ते रेक्झीन लवकर तडकेल. चकचकीत, घसरणारे रेक्झीन चढणीच्या रस्त्याला वाईट. उतारू पुढे घसरतो.

आता माप. रेक्झीनचा पन्हा साधारण ५४ इंच येतो. वरच्याच सीटचे उदाहरण घेऊ. लांबी ४८, दोन्ही बाजूंच्या जाडीचे ४ आणि ४, खाली वळवून ठोकायला २ आणि २, म्हणजे ६० इंच. रुंदी १८, त्यात तेच १२ मिळवले की ३० इंच. पाठीची गादी ४८ बाय १५ आणि २ इंच जाड असेल तर तिला लागणार ५६ बाय २३. आता पाहा. हे दोन्ही तुकडे लांबीच्या दिशेने शेजारी ठेवले तर ३० आणि २३ मिळून ५३ इंच होतात. पन्हा ५४ चा. म्हणजे दोन्ही खोळी सुमारे दीड मीटरमध्ये बसल्या. पावणेदोन मीटर घ्या, म्हणजे कोपऱ्याच्या पट्ट्यांनाही उरेल. हे गणित न करता गेलात तर तीन मीटर तुमच्या गळ्यात पडेल आणि उरलेला तुकडा दुकानात राहील. जाण्यापूर्वी वर्तमानपत्राचा कागद जोडून दोन्ही खोळींचा बेत कापून न्या.

दोरा सुती नको. तो पावसात कुजतो आणि चांगल्या रेक्झीनची शिवण उसवते. नायलॉनचा किंवा पॉलिस्टरचा जाड दोरा घ्यावा. टाके लांब ठेवावेत, इंचाला सहा ते आठ. बारीक टाके म्हणजे मजबूत शिवण, हा नियम कापडाला आहे, रेक्झीनला नाही. सुईचे प्रत्येक भोक कायम राहते. भोके जवळ पडली की तिकिटासारखे तेथूनच फाटते. शक्यतो बसायच्या जागेवर शिवण येऊच देऊ नये. मध्यावर नक्षीच्या शिवणी घालून मागणारे तरुण आम्ही पाहतो. ती नक्षी म्हणजे पाण्याला आत जायला केलेली वाट आहे.

फोम आणि रेक्झीन यांच्यामध्ये जाड पॉलिथीनचा कागद वरून आणि बाजूंनी घ्यावा. खालून मात्र उघडे ठेवावे, म्हणजे हवा बाहेर पडेल. चारही बाजूंनी बंद केले तर सीट फुग्यासारखी होते आणि आतली ओल आतच राहते.

तिघांनी मिळून एक शीट

एकट्याने गेलात तर दुकानदार तुकड्याचा भाव लावतो. फोमची पूर्ण शीट साधारण ७२ बाय ३६ इंच येते. तिच्यात आपल्या मापाच्या किती सीट निघतात? ४८ बाय १८ च्या दोन सरळ निघतात. उरते २४ बाय ३६. त्याचे २४ बाय १८ चे दोन तुकडे करून फोमच्या चिकटद्रव्याने जोडले की तिसरी सीट तयार. जोडावर अर्ध्या इंचाचा पातळ थर घातला की बसणाऱ्याला तो जाणवत नाही. म्हणजे तीन रिक्षावाल्यांनी मिळून एक शीट घेतली तर एक इंचही वाया जात नाही. ४ इंच जाडीची अशी शीट ४० डेन्सिटीची असेल तर तिचे वजन पावणेसात किलोच्या आसपास भरेल, हेही लिहून ठेवा.

उल्हासनगरच्या फर्निचर बाजारात फोम आणि रेक्झीनची दुकाने आहेत. तिघांपैकी एकाने कल्याणला जाताना तेथे वाट वाकडी करावी आणि तिघांचा माल आणावा. तीन दुकानांत भाव विचारावा, आणि फोमचा, रेक्झीनचा, मजुरीचा भाव वेगवेगळा विचारावा. ‘सगळे मिळून एवढे’ असे सांगणाऱ्याकडे काम देऊ नये. कोठे कापले गेले हे मग कळत नाही.

स्वस्त कोणते?

समजा एका ठिकाणी १,२०० रुपयांत जुन्या फोमवर नुसती नवी खोळ चढवून मिळते आणि ती एक पावसाळा टिकते. दुसरीकडे फळी, फोम, रेक्झीन, दोरा नीट घालून २,१०० रुपये लागतात आणि काम तीन वर्षे टिकते. पहिले काम महिन्याला १०० रुपयांना पडले, दुसरे ५८ रुपयांना. आकडे उदाहरणादाखल आहेत, तुमच्या भागातले भाव घालून पाहा. पण गरिबाला स्वस्त वस्तू महाग पडते ती अशी.

एकदम २,१०० आणायचे कोठून, हा प्रश्न रास्त आहे. दिवसाला १० रुपये बाजूला काढले तर वर्षाला ३,६५० होतात. एक डबा करा आणि त्याला ‘गाडीचा डबा’ म्हणा. त्याला घरातल्या कोणी हात लावायचा नाही, आणि चालकाने तर मुळीच नाही. घरची बाई बचत गटात असेल तर डबा तिच्या ताब्यात द्यावा, तो तेथे सुरक्षित राहतो.

टोकावडे भागातल्या आपल्या एका तरुणाचे सांगतो. त्याने शहरातल्या एका दुकानातून घाईने सीट करून घेतली. वरून लाल-काळे झकपक रेक्झीन, मध्ये पिवळी शिवण. आत जुनाच ओला फोम. आषाढ पौर्णिमेला त्याने ती मोठ्या हौसेने दाखवली. आश्विन पौर्णिमेच्या आत शिवणी उसवल्या आणि वास येऊ लागला. शाळकरी मुली त्याच्या गाडीत बसेनाशा झाल्या, कारण गणवेशाला डाग पडत. दुकानदाराने हात वर केले. शेवटी त्याच्या आईच्या बचत गटाने थोडे कर्ज दिले. त्याने सीट स्वतः उघडली, फोम बदलला, आणि खोळ वस्तीतल्या शिवणकाम करणाऱ्या ताईंकडून करून घेतली. मुली परत बसू लागल्या. कर्ज त्याने ठरल्या मुदतीत फेडले. तो आता म्हणतो, ‘साहेब, वरून काय दिसतं ते उतारू एकदाच बघतो. खाली काय आहे ते त्याला रोज कळतं.’

आपल्या भगिनींसाठी एक धंदा

या ताईंचे उदाहरण आम्हाला मोलाचे वाटते. आपल्या वस्त्यांत शिलाई मशीन पुष्कळ घरांत आहे. ब्लाउज, परकर, शाळेचे गणवेश याच्या पुढे काम जात नाही. रेक्झीनचे दोन पदर साध्या मशीनवरही शिवता येतात. १६ किंवा १८ नंबरची सुई लावावी, वेग कमी ठेवावा, आणि रेक्झीन पायाखाली चिकटू लागले तर वरून थोडी पावडर चोळावी. तीन-चार पदर किंवा दोरी घातलेली कड असेल तर मात्र जड मशीन हवे. गटाने मिळून असे एक जुने मशीन घेतले तर एका नाक्यावरच्या सगळ्या गाड्यांचे काम वस्तीतच राहील. चाळीसगावला आपल्याकडे टांगा हाकणारा नव्हता, म्हणून अपघात झाला. नुसती इच्छा पुरत नाही, हुन्नर लागतो. तो शिकण्यात कमीपणा नाही.

खाडीकाठी राहणाऱ्या आमच्या वाचकांसाठी दोन शब्द. भाऊचा धक्का, मोरा, मांडवा अशा जलमार्गांवर लाँचेस आणि होड्यांवर काम करणारे आपलेही बांधव आहेत. होडीच्या गादीला हेच नियम, पण अधिक कडक. तेथे पाणी खारे असल्याने लोखंडी चुका गंजून रेक्झीनवर तांबडे डाग उमटतात. स्टेनलेस स्टीलच्याच घ्याव्यात. साधा फोम स्पंजासारखा पाणी शोषतो. बंद छिद्रांचा, पाणी न पिणारा फोम मिळतो, तो तळाला वापरावा. गादी सुटी ठेवावी, ठोकून बसवू नये, म्हणजे रोज काढून गोड्या पाण्याने पुसून सावलीत उभी करता येते. ऊन तर पावसाइतकेच वैरी आहे. होडी रिकामी असताना गाद्यांवर जुने कापड टाकले तरी रेक्झीनचे आयुष्य वाढते.

राखण

काम झाल्यावर राखण हवी. रोज रात्री ओल्या फडक्याने पुसून कोरडे करावे. साबणाचे साधे पाणी पुरते. रॉकेल, पेट्रोल लावू नये, त्याने रेक्झीन कडक होऊन तडकते. खोबरेल तेल चोळून चमक आणली तर दुसऱ्या दिवशी धूळ चिकटते आणि उतारूचे कपडे खराब होतात. लहानशी चीर दिसली तर त्याच दिवशी आतून कापडाचा तुकडा घालून रबरी चिकटद्रव्याने बंद करावी. आज अर्धा इंच, उद्या अर्धी सीट. चिकटपट्टी लावून दिवस काढू नये, तिच्याखाली ओल साचते.

काम वैशाखात करावे. पावसाच्या आधी फोम कोरडा असतो आणि कारागीर मोकळा असतो. कल्याणच्या आरटीओत पासिंग असेल तर त्याच्याही आधी करावे. प्रवासी गाडी आठ वर्षांची होईपर्यंत दोन वर्षांनी आणि पुढे दरवर्षी पासिंग करावे लागते, तेव्हा तारीख वहीत मांडून ठेवावी. आणि पौष पौर्णिमेला म्हशाच्या जत्रेची गर्दी झाली किंवा ६ डिसेंबरला चैत्यभूमीला जाणारी माणसे कल्याण स्टेशनला सोडायची असली, तरी नव्या सीटवर ठरल्यापेक्षा जास्त माणसे कोंबू नयेत. चालकाच्या शेजारी फळी टाकून चौथा बसवणे म्हणजे स्वतःच्या आणि दुसऱ्याच्या जिवाशी खेळ आहे.

जुने काय करायचे, हे आनंदांनी सांगितलेच आहे. काढलेल्या फोमचे बरे तुकडे विहारात वयोवृद्ध उपासक-उपासिकांना बसायला करता येतील. बसताना गुडघे दुखतात म्हणून वंदनेला न येणारी आजी मग येईल. त्याहून लहान तुकड्यांच्या उशा होतील. रेक्झीनच्या बऱ्या भागातून मुलांची दप्तरे पावसात झाकायचे तुकडे निघतील. उरलेला फोम जाळू मात्र नका, त्याचा धूर लेकरांच्या छातीत जातो.

आता शेवटचे. आपल्या समाजात गेल्या कित्येक वर्षांत पुष्कळ खोळी बदलल्या. घरांना रंग आले, कमानी आल्या, मिरवणुकीला मोठे आवाज आले. ते वाईट नाही. पण आत काय आहे, याची तपासणी रिक्षावाल्याने सीटची करावी तशी आपणही अधूनमधून करावी. अभ्यास, हुन्नर, बचत, निर्व्यसनीपणा हा आतला फोम. तो जिवंत असेल तर वरचे रेक्झीन जुने असले तरी माणूस सुखाने बसतो.

येत्या रविवारी विहारात वंदना झाल्यावर आपल्या चालक बांधवांनी दहा मिनिटे थांबावे आणि तिघा-तिघांचे गट करावेत. मापे लिहून घ्यावीत. बाकीचे काम अवघड नाही.

जय भीम! नमो बुद्धाय!